सत्तरपैकी

आमच्या घरात आमटीला मार्क मिळायचे, तेही सत्तरपैकी. अण्णा पहिला भुरका घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "पस्तीस." आई वाढायला ताटापाशी उभी असायची. पस्तीस म्हणजे बरी झाली की बिघडली, हे तिला कधी कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण नाण्यांना मार्क देण्याचा तक्ता अण्णांनी मला पाढ्यांबरोबर पाठ करायला लावला होता. एक म्हणजे हे नाणं आहे एवढंच कळतं, त्यावर काय आहे ते कळत नाही. पस्तीस म्हणजे बरंच हाताळलेलं, पण चेहरा नि अक्षरं शाबूत. साठाच्या वर म्हणजे बाजारात कधी फिरलंच नाही असं. आणि सत्तर म्हणजे टांकसाळीतून पडलं तसंच्या तसं, कुणाच्या हाताचा वारासुद्धा न लागलेलं. सत्तर अण्णांनी जन्मात कशालाच दिले नाहीत, मला तर सोडूनच द्या.

अण्णा महाडात गणिताचे मास्तर होते आणि नाणी जमवत. नाणी जमवणारे गावात आणखी दोघंतिघं होते, पण ती माणसं बिचारी हौशी. पत्र्याच्या डबीत टाकायची आणि पाहुणे आले की वाजवून दाखवायची. अण्णांना परदेशातल्या कंपन्यांचा नाद लागला होता. या कंपन्यांना नाणं पाठवायचं. तिथले जाणकार ते भिंगाखाली बघतात, खरं की खोटं ते ठरवतात, सत्तरपैकी मार्क देतात आणि जाड प्लास्टिकच्या चौकोनी डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. डबीवर आकडा छापलेला. मग त्या नाण्याबद्दल कुणी हुज्जत घालायची नाही. आता पोरं मोबाइलवर डब्यांचे फोटो बघून तासाभरात सौदे करतात म्हणे. तेव्हा सगळं फोर्टातल्या एका दलालामार्फत चालायचं. त्यांना आम्ही नुसतं शेठ म्हणायचो. नाणं जाऊन यायला सहा-सात महिने लागत आणि तेवढे महिने अण्णांच्या तोंडात दुसरा विषय नसे. त्यांच्या खोलीत पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर कमरेएवढी उठलेली होती, म्हणून नाण्यांचं लोखंडी कपाट चिऱ्यांवर चढवून ठेवलं होतं. किल्ली सदऱ्याच्या खिशात.

कंपन्या तीन होत्या आणि त्यातली चांगली कोणती, यावर अण्णांनी जे केलं ते महाडात काय, मुंबईतही कुणी केलं नसेल. एकच राणीछाप रुपया त्यांनी पाळीपाळीनं तिघींकडे पाठवला. पहिलीनं अठ्ठावन्न दिले. डबी आली त्या दिवशी अण्णांनी ओटीवर पाट मांडला, अडकित्ता घेतला आणि सुपारी फोडावी तशी ती डबी फोडली. प्लास्टिकचे तुकडे उडून माझ्या पायाला लागले, पण त्यांचं लक्ष रुपयावर. तोच रुपया दुसरीकडे गेला, तिनं एकसष्ट दिले. पुन्हा अडकित्ता. तिसरीनं चौसष्ट दिले. रुपया तोच, राणी तीच, आणि तिच्या गालावरचा चराही तोच! अण्णा आठवडाभर वहीत रकाने आखत होते. कोण झिजेला किती कापते, कोण चऱ्याला किती कापते, कुणाची डबी पाण्याला दाद देत नाही. वहीत तीन इंग्रजी नावं होती, पण आमच्या घरात त्या कंपन्यांना नावं पडली ती वेगळीच. ती आईनं पाडली. स्वैपाकघरात भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "पयली ती तुजी थोरली आत्या. लगीनघरात आली तरी साडीचा डाग बघणार. दुसरा काका, बोलंल कमी, पन धड बोलंल. नि तिसरा मामा. पोर काळं असो का गोरं, त्याला गोडच." मी हसून हसून लोटपोट. पुढे अण्णांच्या कानावर गेलं तर त्यांनाही ती नावं सोयीची वाटली. ते आत्या, काका, मामाच म्हणू लागले. नावं कुणी पाडली ते त्यांनी विचारलं नाही.

माणसांनाही मार्क असत. नवव्या वर्षी मला कांजण्या आल्या. खपल्या पडल्यावर अण्णांनी मला खिडकीत उभं केलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्याला भिंग लावून डावा गाल तपासला. त्यांच्या बोटांना नेहमी धातूचा वास यायचा. "तीन खड्डे," ते म्हणाले. "अठ्ठावन्न होतीस. आता पंचेचाळीस." मी विचारलं, खड्डे भरले की पुन्हा अठ्ठावन्न ना? अण्णा हसले. "नाण्याचं वर जात नाही गं कधी. जातं ते खालीच." आणि भिंग खिशात घालून शाळेत निघून गेले. आज मी आरशात बघते तेव्हा आधी डावा गाल बघते. मेली सवय.

आई उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतली. माहेरी म्हशी, नाचणी, थोडं भात. अण्णांसारख्या मास्तरांनी तिला का केली याचं उत्तर आमच्याकडे सरळ होतं: अण्णांच्या वडलांनी शब्द दिला होता आणि अण्णांना तो मोडता आला नाही. त्याचा राग त्यांनी वडलांवर काढला नाही, तिच्यावर काढला, जन्मभर. तिच्या 'हाय'ला नि 'नाय'ला ते पाहुण्यांसमोर हसत. शेजारच्या मास्तरणी तोंडाला पदर लावत. त्यामुळे आई चारचौघांत बोलायचीच बंद झाली होती. बोलायची ती फक्त माझ्याशी, स्वैपाकघरात, आणि मग तिला धरबंद नसे. कुठली म्हैस कुणाला मारायची, कुणाच्या म्हशीला खरवसासाठी दाट चीक यायचा, कुणी कुणाला कड्यावरून हाक मारली नि खालून काय उत्तर आलं. परातीत थापलेल्या भाकरीचा थपथप आवाज आणि तिचं बोलणं, माझं लहानपण म्हटलं तर हेच. पायरीवर अण्णांची वहाण वाजली की ती शब्द अर्धा टाकून गप्प व्हायची. ते बाहेर पडले की तोच शब्द उचलून पुढे सुरू.

मी अकरावीला होते तेव्हा आजी, म्हणजे आईची आई, गेली. दिवस झाल्यावर माझ्या खऱ्या मामानं, आईच्या भावानं, धान्याची कणगी रिकामी केली, तर तळाशी फडक्यात बांधलेला एक रुपया निघाला. त्या घराची रीतच होती ती. कणगी कधी रिकामी पडू नये म्हणून तळाला रुपया ठेवायचा, दर वर्षी त्यावर नवं भात ओतायचं, आणि त्याला हात लावायचा नाही. आजीनं तो आईच्या नावानं ठेवला होता. मामानं तो आईच्या तळव्यावर ठेवला तेव्हा ती रडली, आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. पोलादपूरच्या स्टँडवर तिनं तिकिटाचे सुटे पैसेसुद्धा डाव्या हातानं दिले.

घरी तिनं मूठ उघडली आणि अण्णा उभे राहिले. भाताच्या कोरड्या कोंड्यात इतकी वर्षं पडून त्या रुपयाला कबुतराच्या मानेसारखा निळा-जांभळा रंग चढला होता. साल असं की त्या सालचे रुपये टांकसाळीतून फार थोडे सुटलेले. अण्णांनी हात साबणानं धुतले, पुसले, रुपया कडेला धरून उचलला आणि भिंग लावलं. एक बाजू बघितली, मग दुसरी, मग कड. "त्रेसष्ट," ते म्हणाले. "कदाचित चौसष्ट." आईनं हात पुढे केला. त्यांनी रुपया कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. तो तिचा होता, असं त्या घरात कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

कारण त्याच रात्री जेवताना अण्णांनी माझा निकाल लावला. मला पुण्याला फार्मसीला जायचं होतं. आमच्या वर्गातल्या हुशार मुलींचं तेव्हा तेच स्वप्न. एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांच्या लॅबमध्ये पांढरा कोट घालून वावरणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या होत्या. अण्णा म्हणाले, "रुपया आत्याकडे पाठवणार. तिच्या आकड्याला जगात मान आहे. त्रेसष्ट आले तर विकू आणि तू पुण्याला. बासष्ट आले तर महाडचं कॉलेज आहे, चालत जाता येतं." मी विचारलं, आणि बारावीला मला चांगले मार्क पडले तर? "तुझे मार्क तुझ्यापाशी," अण्णा म्हणाले. आई भात वाढत होती. तिचा हात माझ्या ताटावर थांबला, मग तिनं आणखी एक डाव भात घातला. मी नको म्हणत होते तरी.

मी बारावीत गेले, दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आईनं, कधी नव्हे ते, तोंड उघडून मागितलं. "अवो, माज्या आयशीचा रुपया हाय. आज एवढा पाटावर ठेवते." अण्णा म्हणाले, "आणि धुशील. तुम्ही लोक देवापुढचं सगळं चिंच लावून घासता. अगं, नाण्याचा रंग म्हणजे त्याचं वय. तो एकदा गेला की नाणं मेलं. धुतलेल्याला आत्या डबीत घेत नाही, आकडा देत नाही, पिशवीत टाकून परत पाठवते. तिकडे त्या पिशवीला काय म्हणतात ठाऊक आहे? मढ्याची पिशवी!" मग माझ्याकडे बघून हसले. "मामा घेतो म्हणे धुतलेलं, शेरा मारून, मार्क कापून. मामाच तो." आई मान खाली घालून ऐकत होती. पाटावर तिनं नेहमीचा अण्णांचा सुटा रुपया ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

भाऊबीज झाली, शाळा पुन्हा सुरू झाली आणि शेठचा निरोप आला की माल निघतोय, पार्सल पाठवा. अण्णा मधल्या सुट्टीत घरी आले, रुपया लहान डबीत घातला, डबी खोक्यात, आणि खोकं नि मांजरपाटाचा तुकडा आईपुढे ठेवला. पार्सलं तीच शिवायची. "शिवून ठेव. संध्याकाळी लाख लावतो." शेठना चिठ्ठी लिहिलेली होती: आतल्या डबीला कुणीही हात लावू नये, जशीच्या तशी पुढे पाठवावी. अण्णा शाळेत गेले. मी मधल्या खोलीत रसायनाचं पुस्तक घेऊन बसले होते. थोड्या वेळानं चिंचेचा वास आला. मी हाक मारली, काय करतेस गं? "आमटीचा कोळ काढते गो," ती म्हणाली, "तू वाच." संध्याकाळी अण्णांनी शिवण उलटसुलट करून पाहिली. "टाका वाकडा. तीस." मेणबत्तीवर लाख वितळवून त्यांनी पाच ठिकाणी मोहोर मारली. रात्री आई वाढत होती तेव्हा तिचा अंगठा काळा दिसला. मला वाटलं, तव्याची काजळी.

बारावीची परीक्षा झाली, सुट्टी लागली, आंबे आले नि संपत आले. शेजारच्या मैत्रिणीबरोबर मी पुण्यातल्या होस्टेलची माहितीपत्रकं मागवली होती आणि उशीखाली ठेवत असे. आई ती सरळ करून पुन्हा उशीखाली ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं. बारावीचा निकाल लागला, मला प्रवेशापुरते मार्क सहज पडले. त्याच आठवड्यात एसटीडी बूथवाल्याकडे शेठचा फोन आला, आणि अण्णा वीर स्टेशनहून गाडी धरून मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा दाराशी थांबली. मी धावत गेले. अण्णांच्या हातात डबी नव्हती. पारदर्शक पिशवी होती, आणि तिच्यात रुपया, नव्या स्टीलच्या चमच्यासारखा पांढरा लखलखीत. आत चिठ्ठी. तिच्यावरच्या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ होता, घासलेलं.

अण्णांनी आधी शेठवर आळ घेऊन पाहिला होता. शेठनी त्यांची चिठ्ठी त्यांच्यापुढे टाकली: मास्तर, हात लावू नका तुम्हीच लिहिलंत. मग गाडीत खिडकीशी बसून अण्णांनी भिंग लावलं, आणि राणीच्या नावाच्या अक्षरांच्या बेचक्यात त्यांना चिंचेचा एक धागा दिसला. हे सगळं त्यांनी ओटीवर उभं राहून, आल्या-गेल्यानं ऐकावं अशा आवाजात सांगितलं. शेजारच्या मास्तरणी गॅलरीत आल्या. "धुतलास?" अण्णांनी विचारलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "चुकलं माजं," ती म्हणाली. "देवापुढं ठेवायचा म्हनून धुतला. मला काय ठाव." अण्णा तिला काय काय म्हणाले ते मी लिहीत नाही. त्यांच्या तोंडचं ते रोजचंच होतं. पण मी काय म्हणाले ते लिहायला हवं. मी म्हणाले, "अण्णा, चूक तुमचीच. म्हशी वळणारीच्या हातात रुपया दिलात." गॅलरीतलं कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "साठ." आयुष्यात मला त्यांनी दिलेला सगळ्यात मोठा आकडा. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

त्यानंतर मी स्वैपाकघरात बसायची बंद झाले. माहितीपत्रकं बंबात घातली. महाडच्या कॉलेजात, चालत जाऊन, बी.कॉम. केलं आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरीला लागले. ऑफिसात, लॅबच्या समोरच. पांढरे कोट दिवसभर काचेतून दिसायचे. दोन स्थळं आली. मुलाकडच्यांनी माझ्या गालाकडे बघितलं की मी पोह्यांची बशी ठेवून आत निघून यायचे, मग मीच नको म्हटलं. आईशी बोलायचे ते कामापुरतं. ती वाट बघायची, भाकरी थापताना दाराकडे बघायची, मला दिसायचं. मनात म्हणायचे, अडाणी बाई, तुझ्या भक्तीपायी माझं वाटोळं झालं, आता बस.

अण्णा गेले त्याला काही वर्षं झाली. तेराव्यानंतर एका सकाळी आम्ही दोघी कपाट उपसत बसलो. डब्या, रकाने आखलेल्या वह्या, अडकित्ता, आणि सगळ्यात खाली ती पिशवी. रुपया आत पुन्हा थोडा काळवंडला होता. आईनं पिशवी हातात घेतली आणि मला एकाएकी तिची कीव आली. पांढरं कपाळ, सुकलेले हात. म्हटलं, किती वर्षं राग धरायचा. मी म्हणाले, "जाऊ दे आई. तुला बिचारीला काय माहीत."

एवढंच म्हणाले. ती ताडकन म्हणाली, "मला नाय माहीत? वीस वरसं ह्या घरात मी काय कानात बोळे घालून भाकऱ्या थापल्या? आत्या धुतलेला घेत नाय. मामा घेतो. मामाकडं जाता तर धुवून काय उपेग नव्हता, मग दुसरं कायतरी करावं लागलं असतं. आत्याकडं चालला, म्हनून तर धुतला." आणि तोंडावर असं काही तेज, जसं तिचंच नाव कुणीतरी पहिल्यांदा पुकारलं होतं. मला आधी कळलंच नाही. मग मीच तिला वाट काढून द्यायला बघितलं. म्हटलं, "आजीचा रुपया म्हणून ना? विकला जाऊ नये म्हणून?"

"रुपयाचं काय मेलं," ती म्हणाली, "कनगीत पडलेला तो. तू गेली असतीस गो. पुन्याला गेलेली पोर परत येते काय? मग मी कुनाशी बोलली असती? त्या मानसाशी?" आणि कपाटातला पुढचा कप्पा पुसायला घेतला. पुसता पुसता ती लगेच सांगू लागली, आजीच्या कणगीला बाहेरून शेण कोण सारवायचं ते. तिला वाटलं, आता सगळं बोलून झालं, आता आपण पुन्हा दोघी. मी ऐकत बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: त्या दिवशी ओटीवर मी तिला म्हशी वळणारी म्हटलं, तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं होतं आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. सुटका होती.

आता घरात आम्ही दोघीच आहोत. तिची औषधं वेळेवर, डॉक्टर वेळेवर, थंडीत गरम पाणी, सगळं. गल्लीतल्या बायका म्हणतात, लेक असावी तर अशी. ती सकाळी डोळे उघडल्यापासून बोलते. म्हशी, कडे, हाका, खरवस. मी समोर बसते. कान शाबूत आहेत माझे, सगळं ऐकते, आणि उत्तर देत नाही. एकदा तिनं माझा हात धरून म्हटलं, "बोल गो कायतरी, शिव्या तरी दे." मी हात सोडवून घेतला आणि दिवा लावायला गेले. माणसानं माफ करावं म्हणतात. मला नाही जमलं, आणि जमावं असं मनापासून वाटलंही नाही.

आमटी अजून तीच करते, चिंचेचा कोळ घालून. हात कापतो, तरी मला करू देत नाही. मी पहिला भुरका घेते तोवर ती ताटापाशी उभी असते. विचारते, "कशी झाली गो?"

"पस्तीस," मी सांगते.

आणखी काही येतंय का म्हणून ती थोडा वेळ थांबते. मग भात वाढते.